पाचवा महिना आणि गंगाधरभाऊंची टेप

आमच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात गरोदर बायांचं वजन, बीपी, हिमोग्लोबिन, सगळ्याला रकाना आहे. त्या काय बोलल्या त्याला मात्र रकाना नाही! आखाडा बाळापूरजवळच्या एका गावात मी बारा वर्षं नर्स आहे, ते सगळं माझ्या डोक्यातच साचलंय. त्यातही चौथा ते सहावा महिना म्हणजे किश्श्यांचा हंगाम. उलट्या थांबलेल्या असतात, कळा लांब असतात आणि घरातल्या प्रत्येकाला अक्कल फुटलेली असते.

*

एका बाईचं वजन महिनाभर जागचं हललं नाही. मी रागावले. सोबत आलेला नवरा मान खाली घालून उभा. तिला डोहाळे लागले की हा बाजारातून कधी भजी, कधी जिलबी आणायचा, आणि पहिल्याच घासाला तिला ते नकोसं व्हायचं.

"मग उरलेलं कुठं जातं?" मी विचारलं.

तो वजनकाट्यावर चढला. गडी चार किलोंनी वाढला होता!

"अन्न टाकू न्हाई म्हनून, सिस्टर," तो म्हणाला.

*

एका आजींची ठाम समजूत, की रक्तवाढीच्या गोळ्यांनी लेकरू काळं होतं. मी घरी गेले तर सून फिकट, आणि दारातला मोगरा नुसता लगडलेला.

"आजी, गोळ्या कुठं आहेत?"

"टाकल्या मोगऱ्याच्या बुडाशी."

"मग मोगरा पांढराच कसा फुलला?"

आजींनी एक फूल तोडून उलटंसुलटं करून पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून स्वतः गोळी घेऊन त्या सुनेपुढे उभ्या राहू लागल्या.

*

पाचवा सरला की पोटातल्या बाळाला बाहेरचं ऐकू यायला लागतं, हे मी एका घरात सांगितलं आणि पस्तावले. तिथल्या सासू आणि थोरली सून रोज भांडायच्या. "लेकरू ऐकून राहिलं!" म्हणून गरोदर धाकट्या सुनेनं दोघींना घराबाहेर काढलं. त्या शेजारणीच्या गोठ्याजवळ जाऊन भांडू लागल्या.

आठवड्यानं ती शेजारीणच माझ्याकडे आली. "सिस्टर, ह्यांना सांगा आपल्या घरी भांडा म्हनून. आमच्या सुनेचाबी पाचवा सरला!"

*

आता आमचे गंगाधरभाऊ टेलर. शाळेच्या गणवेशाची मापं घेताना "हलू नको, माप चुकतं!" असे ओरडायचे, की पोरं श्वास धरून उभी राहायची. एकदा सरपंचांनाही तसंच दटावलं होतं.

त्यांची बायको सरजा. तिचं पहिलं बाळ पाचव्यातच गेलं होतं. यंदा तिला पुन्हा दिवस गेले तेव्हापासून गंगाधरभाऊ रोज सकाळी टेपनं तिचं पोट मोजायचे. घरात बाळासाठी एक टोपडंसुद्धा शिवलं नव्हतं. सरजाच्या झंपराची शिलाई मात्र दर आठवड्याला उसवून सैल करायचे.

पाचवा सरत आला तरी सरजाला बाळाची हालचाल कळेना. सोनोग्राफी चांगली होती. गर्भाची वार पोटाच्या पुढच्या बाजूला आहे, म्हणून हालचाल उशिरा जाणवेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला ते पटत नव्हतं. मी पोटावर मशीन लावून ठोके ऐकवले. तबडक, तबडक, तबडक!

"मशीनचाच आवाज असंल," सरजा म्हणाली. "आधी आत्याबाईच्या पोटाला लावा."

तिच्या सासूबाई, गयाबाई, मुकाट्यानं टेबलावर आडव्या झाल्या. मी मशीन लावलं. नुसती गुडगुड!

"सकाळची भाकर हाय ती," गयाबाई म्हणाल्या.

पुन्हा सरजाच्या पोटाला लावलं. तबडक, तबडक! गयाबाईंनी मशीनला हात जोडले. सरजा मात्र रडायला लागली. "ठोका हाय, तर मंग हालत काहून न्हाई?"

*

पुढच्या मंगळवारी सरजा आणि गयाबाईंसोबत गंगाधरभाऊही आले. सरजाला सहावा लागला होता. मी पोट मोजलं, बावीस सेंटीमीटर. बरोबर होतं.

"तुमची टेप सैल हाय, सिस्टर," गंगाधरभाऊ म्हणाले आणि त्यांनी गळ्यातली टेप काढली.

एक टोक अंगठ्यानं दाबून धरलं, दुसरं ताणलं, आकडा वाचायला वाकले. तेवढ्यात टेप मधोमध उडाली. सरजानं हातानं तोंड दाबलं.

आकड्यावरची नजर न काढता गंगाधरभाऊ ओरडले, "हलू नको, माप चु..."

आणि गप्पच झाले. खोलीत कुणी श्वास घेईना. टेप पुन्हा उडाली.

गंगाधरभाऊ तिथंच फरशीवर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हाल, लेकरा, हाल!" ते म्हणाले. "चुकू दे माप!"