सदाफुलीचे लाल-पांढरे दोरे

कळंब भागातल्या त्या प्रकरणाचा कागद कधी कोर्टात गेला नाही, तरी माझ्या नोकरीतले तेच मला सर्वांत स्पष्ट आठवते. साठ सालानंतरची गोष्ट. मी ठाण्याचा फौजदार होतो. सकाळीच एका गावचे पोलीस पाटील आले.

"साहेब, तांड्यावरची बाई मसणातल्या झाडायले दोरे बांधून राह्यली. लाल अन् पांढरे. करणी हाय. गाव काठ्या घेऊन बसलं, आज तिले सोडत नाही."

मी हवालदारासह गेलो आणि बाईला आधी ठाण्यात आणले. पन्नाशीची बंजारा बाई. पोत्यात सदाफुलीची मुळासकट एकेचाळीस झाडे, प्रत्येकाला दोरा. पंचनामा झाला. सूर्यास्तानंतर बाईला ठाण्यात ठेवायचे नाही, म्हणून जबाब लगेच घेतला.

"यवतमाळच्या कॉलेजातले मास्तर हे झाडं घेऊन जाते," ती म्हणाली. "याच्यातून कॅन्सरचं औषध निघते का, पाहून राह्यले."

"मंग मसणातलीच काहून?" पाटील म्हणाले.

"घरची सदाफुली तुमी रोज देवाले खुडता. मसणातल्या फुलाले हात लावता का? मास्तरले फुला-शेंगासगट झाड पायजे."

"अन् दोरे?"

"गुलाबीले लाल, पांढऱ्याले पांढरा. वाळल्यावर फूल गळते. दोन्ही मिसळले तं मास्तरची मेहनत वाया."

खात्रीसाठी मी हवालदाराकडून आणखी वीस झाडे आणवली. तिच्या नजरेआड प्रत्येकाला नंबर घातला, रंग टिपला आणि फुले खुडली. तिने नुसते दांडे पाहून दोन ढीग लावले. "गुलाबीच्या दांड्यावर लाली अस्ते," एवढेच बोलली. वीसपैकी वीस बरोबर.

मी फोन करून बोलावलेले ते कॉलेजातले प्राध्यापक दुपारच्या एसटीने आले. परदेशात या झाडातून औषध निघाले आहे, आपल्या मातीतल्या झाडाचे अजून काही सांगता येत नाही, असे ते म्हणाले. तिने दोरा बांधून दिलेली झाडे मात्र ते कधी पुन्हा तपासत नसत.

मी बाईला घरी जायला सांगितले. ती उठेना.

"कागदात सुटली साहेब. गावात कुठं सुटली? उद्या डोकं फुटलं तं?"

ते बरोबर होते. त्याच संध्याकाळी तिचा जबाब आणि वीस झाडांची नोंद मी चावडीवर साऱ्या गावासमोर मोठ्याने वाचायला लावली. वाचणारे पाटीलच होते.

तपास मी बरेच केले. आळ जितक्या लोकांत घेतला, तितक्याच लोकांत तो उतरवावा लागतो, हे मला त्या बाईने शिकवले. तोवर मी संशयिताला फक्त ठाण्याच्या दारापर्यंतच सोडत आलो होतो.