दिनविशेषाला दोन पुरावे

चेन्नईत, वेस्ट मांबलममधल्या आमच्या मराठी मंडळात रोज सकाळी मी फळ्यावर दिनविशेष लिहितो. डावीकडे जन्म, उजवीकडे मृत्यू. फळा रोज पुसला जातो, किस्से मात्र डायरीत साठत जातात. अकरा डायऱ्या भरल्या!

*

सुरुवातीलाच मी एका हयात गायिकेला उजवीकडे टाकलं. आमचे व्यंकटराव मामा, पिढीजात तंजावरी मराठी, तिचे भक्त. घरी जाऊन त्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. दुपारी रेडिओवर बाईंची थेट मुलाखत!

संध्याकाळी मामा हजर. "अय्यो प्रभाकरा, बाई जित्ती आहे की! मला सर्दी झाली, ती कोण निस्तरायची?"

तेव्हापासून नियम केला: दोन पुरावे मिळाल्याशिवाय फळ्यावर नाव नाही.

*

श्रीपेरुंबुदूरच्या कार कारखान्यातला अनिकेत शिफ्ट संपवून थेट आला. "काका, मला मुलगी झाली. डावीकडे लिहा ना!"

"पुरावे?"

त्यानं मोबाइलवर रडणारं बाळ दाखवलं.

"हा एक. दुसरा?"

त्यानं दवाखान्यात फोन लावून स्पीकर ऑन केला. बायको म्हणाली, "काका, मी होते ना तिथे!"

लिहिलं. एका थोर नाटककाराच्या वर!

*

एकदा उजवीकडे चार नावं, डावीकडे एकही नाही. मामा चिडले. "आज कोण जन्मायलाच तयार नाही काय?"

तेव्हापासून रोज एक तरी जन्म शोधतोच. त्यापायी किती पुस्तकं वाचून झाली! हे मामांचे उपकार.

*

मामा रोज मला फळा मोठ्यानं वाचायला लावायचे. वाटायचं, चष्मा विसरतात. सात वर्षांनी कळलं, त्यांचं शिक्षण तमिळमधून झालेलं. देवनागरी येतच नाही!

"आधी का नाही सांगितलं?"

"शिकवायला बसला असतास की!"

*

गेल्या वर्षी माझं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. आदल्या दिवशी मामा भेटायला आले.

"फळ्याचं काय?"

"राहू द्या कोरा."

"सरि, बरं," म्हणाले आणि उठले.

दीड महिन्यानं मंडळात गेलो. फळ्यावर ऑपरेशनचीच तारीख. उजवी बाजू कोरी. डावीकडे, जन्माखाली, तमिळ अक्षरांत एकच नाव. माझं तमिळ बसच्या पाट्यांवर शिकलेलं. एकेक अक्षर लावत वाचलं. माझंच नाव होतं.

"मामा, हे काय?"

खुर्चीतून न उठता मामा म्हणाले, "दोन पुरावे घेतलों रे. डॉक्टरला इचारलों, तुझ्या बायकोला इचारलों. मगच लिवलों!"