मिलमागच्या बागेतला रेडिओ

जुने किस्से न लिहिता ठेवले की नुसते साठत नाहीत, वाढतात. परवा जेवताना मुलाला एक सांगितला, तर तो म्हणाला, "बाबा, मागच्या वेळी सोड्याच्या बाटल्या बारा होत्या, आज चाळीस झाल्या." तेव्हापासून धास्ती घेतलीय. म्हणून जेवढे खात्रीचे वाटतात तेवढे लिहून टाकतो. अर्थात खात्री माझी आहे. तिच्यावर फार विसंबू नका.

पन्नासचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गणितात एम. ए. होऊन मी बेळगावकडून बेंगळुरूला कॉलेजात शिकवायला आलो आणि खोली स्वस्त म्हणून एका कापडमिलच्या मागच्या वस्तीत राहिलो. मिलमध्ये कामगारकपात चाललेली. अर्धे पुरुष रिकामे, म्हणजे संध्याकाळी दोनच कामं: गांजा ओढणं आणि टोळीत जाणं. टोळ्या दोन. एक मारुतीची, तो आपल्या जुन्या मराठा घरांपैकी, हाणामारीत गोटीसोड्याच्या बाटल्या फेकायचा म्हणून 'सोडा मारुती'. दुसरी जटका स्टँडवरच्या घोडागाडीवाल्यांची, तिचा म्होरक्या मुनियप्पा. आणि दोघांच्या मधोमध कॉर्पोरेशनची बाग, बागेत दगडी खोपटं, खोपट्यात रेडिओ, वर दोन कर्णे. वस्तीत दुसरा रेडिओ नव्हता. सहा ते आठ तो लावायचं काम रामोजी अण्णांचं.

रामोजी अण्णा कॉर्पोरेशनचे नोकर, राहायला कॉर्पोरेशनचीच एक खोली. लोक कॉफी पितात तसा ते गांजा ओढायचे. त्यांची बायको तुळजक्का घरी उदबत्त्या वळायची.

बागेच्या कमिटीचा सेक्रेटरी मला केलं, कारण इंग्रजी अर्ज लिहिणारा दुसरा कोणी नव्हता. मास्तर म्हणून सगळी वस्ती मला 'मेष्ट्रे' म्हणायची. कॉर्पोरेशनचा नियम असा, की तक्रारीचे तीन कागद आले की रेडिओ दुसऱ्या वॉर्डात हलणार आणि रामोजी अण्णांची नोकरी जाणार. नोकरीबरोबर खोलीही. मी सेक्रेटरी झालो त्याच दिवशी तुळजक्का माझ्या दारात येऊन बसली. म्हणाली, "मेष्ट्रे, त्यांची चिलीम सुटेल असं मला वाटत नाही. खोली तेवढी सुटू देऊ नका."

मी शब्द दिला. शब्द देताना मी कधीच विचार करत नाही, नंतर मात्र फार करतो.

*

पहिलं भांडण गाण्यांवरून. सरकारी स्टेशनवर तेव्हा सिनेमाची गाणी नसायची, ती ऐकायला समुद्रापलीकडचं स्टेशन लावावं लागे. मारुतीच्या पोरांना हिंदी हवी, जटकावाल्यांना तमिळ. रोज बागेत बाह्या वर व्हायच्या.

मी म्हटलं, हा तर माझ्या विषयातला प्रश्न! रात्र जागून तक्ता केला. विषम तारखा हिंदी, सम तारखा तमिळ. दोन्ही टोळ्यांच्या सह्या, अंगठे घेतले. तक्ता काचेत लावला. पंधरा-वीस दिवस वस्तीत इतकी शांतता, की मी यावर एखादा लेख लिहावा असं मनात आलं.

एकतीस तारखेला हिंदी गाणी झाली. दुसऱ्या दिवशी मुनियप्पा आपली माणसं घेऊन ऐटीत आला, तर बाकांवर मारुतीचे लोक बसलेले. तारीख एक. मारुतीने काचेवर बोट ठेवलं. एकतीस विषम, एक तारीखही विषम. तक्ता त्याच्या बाजूने होता, न्याय मुनियप्पाच्या.

मग बाटल्या उडाल्या. (बारा. मी बाराच म्हणतो.) मी खोपट्याच्या मागे बसलो होतो. मुनियप्पा कपाळावर फडकं दाबून तिथे आला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि अगदी आदराने विचारलं, "मेष्ट्रे, तुम्ही कॉलेजातल्या पोरांना पण हेच शिकवता?"

कॉर्पोरेशनचा पहिला कागद आला. म्हणजे तो माझ्यामुळेच आला, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

*

मग मी मूळ रोगालाच हात घालायचं ठरवलं. गांजावर व्याख्यान. लायब्ररीत आठवडाभर बसून टिपणं काढली, झाडाच्या कुठल्या भागात विष जास्त, रक्तात किती वेळ राहतं, सगळं. बाग गच्च भरली. रामोजी अण्णांनी स्वतः सतरंज्या घातल्या. इतक्या एकाग्र चेहऱ्यांसमोर मी कॉलेजातही कधी बोललो नव्हतो. दोघं-तिघं तर लिहून घेत होते.

शेवटी मारुती आभार मानायला उठला. "आम्ही लोक अडाणी," तो म्हणाला, "इतकी वर्षं नुसता पाला ओढत होतो."

*

रामोजी अण्णा स्टेशन लावायचे ते काट्याकडे बघून नाही, कानाने. एकदा चिलीम जरा जास्त झाली असावी. काटा दोन स्टेशनांच्या मध्येच थांबला आणि कर्ण्यातून नुसता घूंऽऽ आवाज यायला लागला. मी उठलो, तर अण्णांनी डोळे न उघडता मला खुणेने बसवलं. "स्वल्प थांबा मेष्ट्रे. तंबोरा लागतोय. गवई येईल आता."

लोक थांबले. दहा मिनिटं, वीस मिनिटं. चिलीम फिरत होती. कुणी "वाहवा" म्हणालं. मीही बसून राहिलो. खरं सांगायचं तर मी दोनदा मान डोलावली. धुराचा परिणाम असेल, पण आपण शिकलेले, आपल्याला कळत नाही असं दिसायला नको, हेही असेल.

अर्ध्या तासाने मुनियप्पाने वाकून हळूच विचारलं, "मेष्ट्रे, राग कुठला?"

मी म्हटलं, "मारवा असावा."

*

दुसरा कागद मात्र माझ्यामुळे आला नाही. तो मारुतीच्या सौजन्याने आला.

झालं असं, की रेडिओचा एक व्हॉल्व्ह चोरीला गेला. व्हॉल्व्ह म्हणजे आतला काचेचा दिवा, तो नाही तर रेडिओ मुका. तुळजक्का उदबत्तीच्या काळ्या हातांनी धावत आली. मी रडकुंडीला येऊन मारुतीकडे गेलो, म्हटलं तुझ्याच बागेतली वस्तू गेली, शोधून दे. त्याला माझी दया आली आणि तो कबूल झाला. "सरी मेष्ट्रे, उद्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्याने रुमालाची पुरचुंडी सोडली. आत पाच व्हॉल्व्ह. एक तर अजून गरम होता.

"यातला तुमचा कुठला," मारुती म्हणाला, "ते बघून घ्या."

त्या संध्याकाळी पलीकडच्या चांगल्या वस्तीतल्या चार बंगल्यांचे रेडिओ मुके होते.

*

आता तिसरा कागद. तो घेऊन कॉर्पोरेशनचे साहेब स्वतःच सायकलवरून येणार असा निरोप आला. रेडिओ नीट चालतो का, माणूस कामावर असतो का, हे बघायचं आणि नसेल तर तिथेच सही करून कागद हातात द्यायचा.

त्या दिवशी साडेपाचला मी बागेत गेलो. रामोजी अण्णा खोपट्याच्या मागे आडवे, शुद्ध नाही. आणि करंट गेलेला. सगळ्या वस्तीचाच गेला होता. मी बाकावर बसलो आणि राजीनाम्याचा मसुदा मनात करायला लागलो. दुसरं काय करणार?

तुळजक्काने मला काही विचारलं नाही. तिने नवऱ्याच्या कमरेची किल्ली काढली. मुनियप्पाला म्हणाली, यांना गाडीत घाल आणि मी बोलावीपर्यंत फिरव. मारुतीला म्हणाली, तुझी माणसं हात बांधून बसव. दोघांनीही मुकाट्याने ऐकलं. मग ती खोपट्यात गेली आणि आतून कडी लावली.

सहाला साहेब आले. सडपातळ, चष्मा, बगलेत फाईल. आणि खोपट्यातून भजन सुरू झालं. तुळजक्काचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. साहेब माझ्याशेजारी बाकावर बसले. वर कर्ण्यांकडे पाहिलं, मग खोपट्याच्या दाराकडे. ती दगडी खोली, तो फटीतून येणारा आवाज. कुणालाही कळावं. मी रुमालाने मान पुसत राहिलो.

भजन संपलं. साहेबांनी फाईल उघडली, तयार आणलेला कागद काढून गुडघ्यावर ठेवला आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "बातम्या लावा."

मारुतीने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

आत घसा खाकरल्याचा आवाज झाला. मग तुळजक्का कानडीत, एकेक शब्द सुटा करून, बोलायला लागली.

"बातम्या. मिलमध्ये आज आणखी माणसं कमी केली. मिलमागच्या वस्तीत तीन दिवस नळाला पाणी नाही. बागेत या महिन्यात मारामारी झालेली नाही. कॉर्पोरेशनचे नोकर रामोजीराव यांना ताप आहे. ते उद्या कामावर येतील. परवाही येतील. बातम्या संपल्या."

मग आतून आणखी एक वाक्य आलं. "आता सहा वाजून वीस मिनिटं झाली आहेत."

आत घड्याळ नव्हतं.

साहेबांनी गुडघ्यावरचा कागद उचलला, घडी घातली आणि परत फाईलमध्ये ठेवला. मग डाव्या हाताची बाही मागे सारली. त्यांच्या घड्याळात सहा दहा झाले होते. त्यांनी किल्ली ओढली आणि काटा दहा मिनिटं पुढे सरकवला.