उमेदवाराचा ताजा फोटो

भाच्याच्या अर्जावर मी माझा फोटो लावला.

अर्ज एका खासगी बँकेच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचा होता. शिकता शिकता दरमहा विद्यावेतन आणि शेवटी त्याच बँकेत नोकरी, असा प्रकार. उमेदवार सव्विशीच्या आतला हवा होता. मी एकसष्टचा होतो आणि माझं टक्कल तेव्हा पूर्णत्वाला गेलेलं होतं.

एखाद्या अडाण्याने हे केलं असतं तर गोष्ट वेगळी. पण मी एका सरकारी बँकेत बत्तीस वर्षं काउंटरमागे बसून लोकांचे अर्ज परत पाठवण्याचं काम केलेलं. "अहो, इथे सही राहिली." "खाडाखोड चालणार नाही, दुसरा फॉर्म घ्या." माझ्या खिडकीतून पहिल्या फेरीत पास झालेला अर्ज कुणी पाहिला नव्हता. (निवृत्तीच्या दिवशी मला दिलेल्या मानपत्रात दोन चुका होत्या. मी ते दुरुस्तीसाठी परत केलं. अजून आलेलं नाही.)

मुलगा हैदराबादला आयटीत. त्याला बाळ झालं तशी आमची ही महिनाभरासाठी म्हणून तिकडे गेली, त्याला सात महिने झाले होते. कर्वेनगरच्या तीन खोल्यांत उरलो मी, मुलाने मागे टाकलेला कॉम्प्युटर आणि अख्ख्या सोसायटीची कुरिअरं. इमारतीतले सगळे दिवसभर ऑफिसात. घरी सापडणारा माणूस एकच, हे कुरिअरवाल्यांनी बरोबर हेरलं होतं. दिवसातून दहा वेळा माझी बेल वाजायची आणि त्यातली एकही माझ्यासाठी नसायची. संध्याकाळी मंडळी खोकी न्यायला येत. मी "या ना, चहा टाकतो" म्हणेपर्यंत "थँक्यू काका" जिन्यात पोचलेलं असे. एकदा मी वरच्या मजल्यावरच्या मुलाचं खोकं मुद्दाम सापडत नाही असं केलं आणि त्याला दहा मिनिटं बसवून ठेवलं. तो दहाही मिनिटं मोबाइलवर दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होता.

अशात दर्यापुरहून धाकट्या बहिणीचा, शोभाचा फोन आला. तिच्या मंगेशला बँकेच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरायचा होता. तो नेटवरच भरायचा, आणि त्यांच्याकडे दिवसातून सहा तास वीज नसायची. दादा, तू तर बँकेतलाच माणूस, तूच भरून दे, असं तिने म्हणायचा अवकाश, मी हातातली भाजी खाली ठेवून पेन घेतलं.

हे काम अर्ध्या तासाचं होतं. मी ते तीन दिवस पुरवलं. आधी सगळं कागदावर ठळक अक्षरांत उतरवून काढलं आणि प्रत्येक रकान्यासाठी मंगेशला स्वतंत्र फोन केला. दहावीचं वर्ष विचारलं, बारावीचं विचारलं, रक्तगट विचारला. रकाने संपले तेव्हा उंची विचारली.

मंगेश म्हणाला, "मामा, उंची कायले लागते बँकेत?"

"काउंटरची उंची ठरलेली असते," मी म्हणालो. त्याला ते पटलं. गुणी मुलगा.

मग आला तो रकाना: प्रशिक्षणाचं केंद्र, पसंतीक्रमाने. पर्याय दोनच, नागपूर आणि पुणे. मंगेशने पहिल्याच फोनवर सांगून ठेवलं होतं की नागपूर टाका. तिथून शनिवारी एसटीत बसलं की रात्रीच्या जेवणाला घरी. मी नागपूरवर बाण नेला. बाजूलाच पुणे होतं. माझ्या मनात आलं, पुण्यात मुलं घडतात. शिवाय मुलाची खोली रिकामी आहे, पलंग आहे, फक्त उशी तेवढी नवी घ्यावी लागेल. संध्याकाळी दोघांनी जेवायचं, त्याने बँकेतलं सांगायचं, मी त्यातल्या चुका काढायच्या. असा वर्षभराचा संसार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि बाण कधी सरकला ते कळलं नाही. (कळलं होतं. लिहिताना तरी खरं लिहावं.)

त्या गडबडीतच मी फोटो लावायला घेतला. मंगेशने मेलवर पाठवलेला फोटो मी उतरवून घेतला होता. त्याच जागी माझा पेन्शनच्या ओळखपत्राचा फोटोही होता. वाचायचा चष्मा स्वयंपाकघरात. पडद्यावर टिकलीएवढा चेहरा उमटला. मी डोळे बारीक करून पाहिलं आणि माझा ऊर भरून आला. पोरगा थेट मामावर गेलाय! कपाळ तेच, नाक तेच. केस एवढ्या लवकर गेले याचं थोडं वाईट वाटलं, पण ते आमच्या घराण्यातच आहे, म्हणून मी सोडून दिलं आणि अर्ज पाठवला.

संपर्कासाठी नंबर अर्थात माझाच दिला होता. तिकडे मोबाइलला रेंज नसते, हे कारण. दुसरं कारण असं, की कुणाचा तरी फोन येईल.

तो पंधरा दिवसांनी आला. मी तोवर उशी आणून ठेवली होती, वर अभ्रा घातला होता, खोलीतला जाळीचा पंखा पुसला होता. बोलणारी मुलगी बँकेची होती आणि फार गोड बोलत होती.

"मंगेश बोलताय का?"

"मी त्याचा मामा. बोला."

"सर, प्रोफाइलमध्ये जन्मतारखेप्रमाणे कॅन्डिडेट बावीस वर्षांचे आहेत."

"बरोबर."

"मग फोटोत कोण आहे?"

मी चष्मा लावून पाहिलं. फोटोत मी होतो. बत्तीस वर्षांत ज्या माणसाचा अर्ज मी डोळे झाकून फाडला असता, तो हाच.

मुलगी समजूतदार होती. परीक्षेतल्या गुणांची अडचण नाही, म्हणाली, पण उमेदवाराने स्वतः गुरुवारी पुण्याच्या ऑफिसात येऊन दुरुस्ती करायला हवी, नाहीतर अर्ज बाद. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "आणि सेंटर पुणेच ना?" मी तेवढ्याच गोड आवाजात "हो" म्हणालो.

मंगेश गुरुवारी सकाळी माझ्या दारात उभा. खांद्याला पिशवी, पिशवीत शोभाने दिलेली तुरीची डाळ. फोटोचं ऐकून तो चिडेल असं वाटलं होतं. तो खाली बसून पोट धरून हसला. मी पोहे केले, त्याने दोनदा घेतले. सात महिन्यांनी माझ्या टेबलावर दोन बशा होत्या. त्याला मुलाची खोली दाखवली. "छान आहे," तो म्हणाला, आणि उशी बाजूला करून पिशवी ठेवली.

ऑफिस बाणेरला, काचेच्या इमारतीत. समोरची अधिकारी मंगेशहून फार तर चार वर्षांनी मोठी असेल. तिने पडद्यावरचा फोटो पाहिला, मग मंगेशला, मग मला.

"आपल्यापैकी ट्रेनिंग कुणाला घ्यायचंय?" तिने विचारलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. अस्सल पुण्याची.

तिने मंगेशला दुरुस्तीचा फॉर्म दिला. मी सवयीने वाकून, वडिलांचं नाव रकान्याबाहेर जातंय, हे दाखवलं. मग तारखेतला चुकलेला ठिपका दाखवला. तिसऱ्यांदा बोट पुढे केलं तेव्हा ती म्हणाली, "काका, आपण बाहेर बसा. उमेदवार सज्ञान आहेत."

पण मी उठायच्या आधीच तिने वाचायला सुरुवात केली होती. नाव बरोबर, पत्ता बरोबर, केंद्र पुणे.

"पुणे?" मंगेश म्हणाला. "मी तं नागपूर सांगतलं होतं."

माझ्याजवळ तीन सबबी तयार होत्या: बाण घसरला, नागपूरच्या जागा भरल्या, कॉम्प्युटर जुना आहे. काउंटरवर बत्तीस वर्षांत मी लोकांच्या हजार सबबी ऐकल्या होत्या आणि त्यातली एकही मानली नव्हती. त्या मुलीच्या तोंडाकडे पाहून कळलं की तीही मानणार नाही.

"मीच बदललं," मी म्हणालो. "घरी खोली रिकामी होती."

मंगेशने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून फॉर्मवर पुणे खोडलं, बाजूला सही केली आणि नागपूर लिहिलं. हळूच विचारलं, "मामा, खाडाखोड चालते का?" मी म्हणालो, सही केली की चालते. (बत्तीस वर्षांत मी ही सवलत कुणाला दिली नव्हती.)

परतताना बसमध्ये तो खिडकीबाहेर पाहत होता. आईच्या गुडघ्याचं दुखणं आहे, म्हणाला, शनिवारी घरी गेलो की पाणी तरी भरून देईन. हे मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि उंचीसकट सगळं विचारणाऱ्या मी, शोभा कशी आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं. त्याच दुपारच्या गाडीने तो गेला.

महिन्याने त्याची निवड झाली. दुरुस्तीत त्याने नंबरही स्वतःचा टाकला होता, निरोप तिकडेच गेला, त्यामुळे मला दोन दिवसांनी कळला. मी शोभाला अभिनंदनाचा फोन केला. फोटोचं तिला मंगेशने सांगितलंच होतं; मी मनाचा हिय्या करून केंद्राचं सगळं माझ्याच तोंडाने सांगून टाकलं. मुद्दाम केलं, म्हणालो, पोरगा वर्षभर इथे राहिला असता. पलीकडे तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "दादा, एकट्याले करमत नसन तं तसं सांगत जाय ना, मीच येऊन रायली असती चार दिवस. माह्या पोराले म्हातारा कायले केलं?"