रुपालीचा दुधी आणि तुळसाची कात्री

तर तुळसा कुंपणाशी येऊन थबकली, इथवर काल सांगून झालं. धाकटी जाऊ रुपाली, तिचा दुधीचा वेल मांडवभर पसरलेला. मुळाशी काठीला सलाइनच्या बाटल्या उलट्या टांगलेल्या, नळीतून पाणी टिपटिप. कळव्यात आमच्या आळीला पाणी दिवसाआड. तुळसाचा वेल वाळून सुतळी झालेला आणि हिचा हिरवागार. बाईच्या पोटात नुसता निखारा.

आता गंमत ऐका. तुळसा दवाखान्यात मावशी, तिथला कचरा वेगळा करणं तिच्याकडे. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत, बाटल्या-नळ्या लाल पिशवीत. पण आधी बाटली कात्रीने चिरायची, म्हणजे पुन्हा कोणी वापरायला नको. हे चिरणंही तिच्याकडेच. आळीतल्या बाया मागून थकल्या, तिने एक बाटली दिली नाही. स्वतःच्या वेलालाही नाही. मग जावेकडे अख्ख्या आल्या कुठून?

तुळसाचा नवरा काळुराम त्याच दवाखान्यात वॉचमन. माझ्या ओट्यावर चहा फुंकत बसलेला. तुळसा तिथेच आली.

"तुम्हीच दिल्या ना?"

"अगं, तू हळदीला गेलेलीस, तेव्हा तशाच पडलेल्या. भावाची बायको पहिल्यांदा काही मागते, नाही कसं म्हणू?"

"आणि माझा वेल वाळला तेव्हा?"

"तुला चालत नाही ना ते."

"मला चालत नाही, म्हणून तिला?"

काळुराम कपात बघत राहिला. मीही बशीत बघितलं. अशा वेळी पुरुषाने चहा संपवू नये.

"तिने वेलाचा फोटो स्टेटसला टाकलाय," तुळसा म्हणाली. "बाटलीवर आपल्या दवाखान्याची चिठ्ठी दिसते. डॉक्टरीणबाईंनी बघितला तर घरी कोण बसेल?"

कात्री आणि हातमोजे घेऊन ती निघाली. मी चपला शोधेपर्यंत अर्धी आळी कुंपणाशी. तुळसाने एकेक बाटली उतरवली, चिरली, लाल पिशवीत टाकली. घाई म्हणून नाही. मटार सोलावेत तशी निवांत.

रुपाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, नोकरीचं निमित्त. माझ्या दुधीवर जळतेस तू."

तुळसाने शेवटची बाटली हातात घेतली आणि थेट घरच्या बोलीत उतरली.

"हां, जलतंय. तुझा दुधी बघून मना जेवन गोड लागत नाय. जलत नसते तरी चिरल्याच असत्या गं, पन एवरी मजा नसती आली."