डाव्या पायाला सुट्टी

अंधेरीला ऑफिसखालच्या पार्किंगमध्ये आम्हा ड्रायव्हरांचा वाद रोज रंगायचा. "मोठी गाडी म्हणजे रुबाब!" "कसला रुबाब रे, सिग्नलला उभ्या उभ्या पेट्रोल पिते. सेडानच झकास." लांब काळ्या सेडानवरचे काका मात्र आपली काच पुसत असायचे.

त्या दिवशी मी वादात नव्हतो, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो होतो. आठवीत शाळा सोडलेल्या मला गावापासून इतक्या लांब मिळालेली नोकरी जाणार होती. साहेबांच्या नव्या ऑटोमॅटिक गाडीला क्लच नाही. तरी माझा डावा पाय सवयीने क्लच शोधायचा, ब्रेकवर आपटायचा आणि मागे साहेब हिंदकळायचे. "आज पुन्हा झालं तर उद्या येऊ नकोस," ते सकाळी पार्किंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले होते.

"काका, तुम्हीच सांगा ना, कुठली गाडी भारी?" कोणीतरी विचारलं.

"ज्यात मागचा माणूस झोपतो ती," म्हणत ते माझ्याकडे आले. दार उघडून, खाली वाकून त्यांनी माझा डावा बूट काढला, पाय सीटकडे मागे सरकवला. "ह्याला आता सुट्टी."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी गोरेगावच्या सिग्नलला आरशात पाहिलं. साहेब घोरत होते. मी डाव्या पायाची बोटं हळूच हलवली.