खिशातला खबऱ्या

आपल्याला कोणीतरी फसवायला टपलेलं आहे, असं आयुष्यात एकदा तरी प्रत्येकाला वाटतं. पण तो कोणीतरी आपल्याच सदऱ्याच्या खिशात बसलेला आहे असं मानणारा, आणि तरीही त्याला रोज सकाळी न चुकता चार्ज करणारा माणूस उभ्या मेहकरात एकच आहे, आणि ते माझे सख्खे मामा. मामांनी सगळी नोकरी खरेदीखतांच्या कचेरीत कारकून म्हणून काढली. लोक येत, शाईत बुडवून अंगठा देत, बाहेर जाऊन भजी खात, आणि त्यातले काही पुढे पायरीवर बसून डोळे पुसताना दिसत. त्यामुळे माणूस बोलण्याने बुडत नाही, अंगठ्याने बुडतो, असं मामांचं पक्कं मत झालं. अशा माणसाला त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, कोमलने, शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून स्मार्टफोन घेऊन दिला आणि त्या फोनने खोक्यातून बाहेर पडल्या पडल्या अंगठा मागितला. मामांनी फोन टेबलावर ठेवला, मागे सरकले आणि म्हणाले, "अंगठा कायले मागून राह्यला हा? खरेदी कशाची हाय?" कोमलने पुष्कळ समजावलं. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीवर तडजोड झाली, कारण करंगळीवर आजवर कोणाचं वावर गेल्याचं मामांच्या पाहण्यात नव्हतं. तेव्हापासून ते भर बाजारात करंगळी ताठ करून फोन उघडतात आणि नवखा माणूस त्यांना अंगठ्याला काय लागलं म्हणून विचारतो.

फोनपेक्षाही मामांचा राग ॲपवर. दुकानातून विकत घेतलेली वस्तू मुकाट्याने काम करते; हे फुकट येतं आणि आल्या आल्या परवानग्या मागतं, इथेच त्यांना पाणी मुरताना दिसतं. एकदा टॉर्चच्या ॲपने त्यांच्याकडे फोनमधले सगळे नंबर पाहण्याची परवानगी मागितली. मामा तडक माझ्याकडे आले. मी शाळेत लेखनिक आहे, दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, म्हणून या गुन्ह्यात माझाही हात असणार असं ते धरून चालतात. "टॉर्चले माह्या साडूचा नंबर कायले पाह्यजे बे? अंधारात त्याले फोन लावते का?" मी म्हणालो, "मामा, सगळेच देतात परवानगी." ते म्हणाले, "सगळे अंगठाबी देत होते." हवामानाच्या ॲपने एकदा संध्याकाळी पाऊस येईल म्हणून सांगितलं आणि तो खरंच आला. ते खोटं निघालं असतं तर मामांनी त्याला माफ केलं असतं, खरं निघालं म्हणून त्याच दिवशी काढून टाकलं. पावलं मोजणारं ॲप आठवडाभरही टिकलं नाही, कारण आपण कुठवर फिरून आलो हे मामा मामीलाही सांगत नाहीत. सगळ्यात कहर केला फोटोंनी. फोनने एका सकाळी 'आठवणी' म्हणून आदल्या वर्षीचा शेगावचा फोटो आपणहून काढून दाखवला. मामांनी चहाची बशी खाली ठेवली. "आपण शेगावले गेलतो हे याले कोणं सांगतलं?" मामी म्हणाली, "अहो, तुम्हीच तं काढला फोटो." "फोटो म्या काढला. आठवण ठेवाले कोणं सांगतलं होतं?"

या खबऱ्याला चकवण्यासाठी मामांनी काही उपाय योजले आहेत. फोनमध्ये एकाही माणसाचं खरं नाव नाही. मामी 'गॅसवाला' आहे, कोमल 'आडत दुकान' आहे आणि मी 'पंक्चरवाला'. एकदा चिखलीच्या रस्त्यावर त्यांची स्कूटर खरोखरच पंक्चर झाली आणि त्यांनी खरा पंक्चरवाला समजून मलाच बोलावलं. मी हवा भरायचा पंप घेऊन गेलो, कारण मामांशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. घरात महत्त्वाचं बोलायचं असलं की फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात घालून झाकण लावायचं, हा दुसरा उपाय. मामी वैतागते. पाहुणे जेवायला बसलेले असतात, फळीवरची डाळ वाजायला लागते आणि घास हातात धरून सगळे वर पाहतात. "आता वरणाले डाळ काढाची म्हटली तं आधी मिस्ड कॉल पाहा लागते," असं ती कोणालाही सांगते.

मीही हसत होतो. मग एका दुपारी आम्ही दोघं लिंबाखाली बसून, दोन बकऱ्या पाळाव्यात की काय यावर सहज गप्पा मारल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर बकऱ्यांच्या पेंडीची जाहिरात आली. योगायोग असेल. पण त्या दिवसापासून मी पगाराचं आणि सासरचं बोलणं करताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. हे मामांना मी अजून कळू दिलेलं नाही, नाही तर ते मिरवणूक काढतील.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर कोमलला साखरखेर्ड्याचं स्थळ आलं. माणसं भाजीपाल्याची शेती करणारी, घर भरलेलं, आणि मुलगा छत्रपती संभाजीनगरला कसल्या कंपनीत? तर ॲप बनवणाऱ्या. पाहण्याच्या कार्यक्रमात मामांनी त्याच्या शिक्षणाचं काहीच विचारलं नाही. "कोणतं ॲप बनवता?" त्याने सरळ सांगितलं, "भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी आहे काका. कोणत्या बाजारात काय भाव ते सांगतं." "परवानगी मागते का?" "हो, लोकेशनची मागतं." पोराने दारू पितो म्हणून कबुली दिल्यासारखं मामांनी मामीकडे पाहिलं. पण कोमलला मुलगा आवडला होता. एवढी स्थळं आली, पण पुढे तुला काय करायचंय हे तिला विचारणारा तो पहिला होता. ती मला म्हणाली, "दादा, हाच पाह्यजे मले. तुम्ही बाबाले सांभाळा फक्त." मामांनी होकार दिला, पण तो आठ ठिकाणी चौकशा करून आणि तोंड पाडून दिला.

आता उरली सुपारी. आमच्याकडे लग्न पक्कं झालं असं कोणी म्हणत नाही, सुपारी फुटली म्हणतात. दोन्ही घरची वडील माणसं बसतात, सुपारी फोडून सगळ्यांना वाटतात, आणि मग कोणी शब्द फिरवत नाही. याच शब्दाचा वर्तमानपत्रात काय अर्थ होतो ते सांगायला नको, आणि मामा वर्तमानपत्रातलं तेच पान आधी वाचतात. त्या दिवशी मीही त्यांच्याकडे होतो. डाळ वाजली. मामांनी फोन काढला, मुलाच्या वडिलांचा होता, म्हणजे नाव 'खताची पोती'. ते गृहस्थ जन्मभर शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर बोललेले, त्यामुळे स्पीकर न लावताच आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "हं साहेब, मंग सुपारीचं कधी उरकाचं? आमच्याकून माणसं तयार हायत. तुम्ही फक्त हो म्हणा!" मामा ताडकन उठले. "कोणती सुपारी?" ते ओरडले. "म्या कोणालेच सुपारी देली नाही! कोण तुम्ही? मी तुम्हाले वळखत नाही!" फोन बंद केला, डब्यात टाकला, झाकण लावलं आणि झाकणावर वरवंटा ठेवला.

"अहो, पोरीच्या लग्नाची सुपारी ती!" मामी कपाळाला हात लावून म्हणाली.

"मले माहीत हाय," मामा डब्याकडे बोट करून कुजबुजले. "पण त्याले माहीत हाय का?"

मला हसू आवरेना, आणि तेवढ्यात कोमल दारात उभी दिसली. तिने सगळं ऐकलं होतं. ती तशीच आत गेली. संध्याकाळी मुलाचा निरोप तिच्या फोनवर आला. त्याचे वडील चार माणसांत बसून फोन करत होते, त्यांचा भयंकर अपमान झाला होता. जिथं ओळखच नाही तिथं सोयरीक कसली, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या स्थळाला रविवारी बोलावलं होतं. मुलगा समजावत होता, पण वडील कोणाचाच फोन घेत नव्हते. कोमलने ताट बाजूला सारलं. मला म्हणाली, "बाबाले संशय फोनचा हाय, दादा. पण भोगून मी राह्यली." आत मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि त्यांनाही ते ऐकू गेलंच असणार.

सकाळी मामा इस्त्रीचे कपडे घालून माझ्या दारात हजर. "चाल बे, स्कूटर काढ." रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून मी मोबाइलवर नकाशा लावला. त्यातली बाई म्हणाली, पुढे उजवीकडे वळा. मामा मागून म्हणाले, "डावीकडं घे. आपण साखरखेर्ड्याले चाललो हे तिले कोणं सांगतलं?" "मीच सांगितलं, मामा." "मंग तं डावीकडंच घे." डावीकडे घेतलं. पुढच्या फाट्यावरही तेच झालं. साखरखेर्ड्याला निघालेले आम्ही शेवटी बीबीच्या स्टँडवर चहा पीत होतो. माझं डोकं तापलं होतं. तिकडे एका पोरीचं लग्न मोडत होतं आणि मामा बशीत फुंकर घालत होते. पहिला चहा संपल्यावर त्यांनी दुसरा सांगितला. तेव्हा मला प्रथमच मामांचाच संशय आला. या माणसाला पोहोचायचं आहे की नाही?

पोहोचलो तेव्हा मुलाचे वडील अंगणात वांगी निवडत बसले होते. ते उठले नाहीत. "कोण पाह्यजे तुम्हाले? आपली तं वळख नाही." मामांनी खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला आणि गाडीच्या डिकीत ठेवून यायला सांगितलं. मी परत आलो तेव्हा ते हात जोडून उभे होते. त्यांनी सगळं सांगितलं: सुपारी हा शब्द, माणसं तयार आहेत हा शब्द, हो म्हणा हा शब्द, ऐकणारा फोन, दारात येणारे पोलीस. वडिलांनी आधी डोळे वटारले. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि आतल्या खोलीतून बायकांचा हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, जमलं. पण मामा थांबले नाहीत.

"हसा," ते म्हणाले. "पण हे अर्धंच हाय. तुमचा आवाज म्या वळखला होता. फोन ठेवला तवा मले भेव वाटलं, मंग जरा वेळानं बरं वाटलं. वाटलं, मोडलं तं मोडलं, पोरगी राह्यली घरी अजून काही दिवस. काल ती जेवली नाही, तवा लाज वाटली." "तुमच्या पोरात खोट नाही. म्या लय शोधली."

हसणं थांबलं. मुलाच्या वडिलांनी हातातलं वांगं खाली ठेवलं आणि धोतराला हात पुसले. "माही मोठी पोरगी जालन्याले देली," ते म्हणाले. "तिची सुपारी फुटली तवा मी अठी नव्हतो. मोटर पाहाले वावरात गेलतो." मग म्हणाले, "मोटरले काहीच झालं नव्हतं." त्यांनी बाजूचं पोतं ओढलं, झटकलं आणि मामांना म्हणाले, "बसा इवाई." व्याही म्हटलं, म्हणजे बोलणं तिथेच संपलं. रविवारी येणाऱ्या स्थळाला नाही म्हणून कळवायचं आणि त्याच दिवशी मेहकरात येऊन सुपारी फोडायची, असं ठरलं. मला तर तिथेच नाचावंसं वाटत होतं.

आम्ही परत निघालो. मी बिनधास्त नकाशा लावला, बाई सांगेल तिथे वळलो, तरी मागून हूं की चूं नाही. उन्हं कलताना मेहकरात शिरलो आणि घराच्या गल्लीशी येताच त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "एक चक्कर मार." आम्ही जुन्या देवळावरून फिरून पुन्हा गल्लीच्या तोंडाशी आलो. "अजून एक मार." मी म्हणालो, "मामा, कोमल सकाळपासून वाट पाहत असेल."

"म्हणूनच तं," मामा म्हणाले. "घरी गेलो की सांगा लागन. सांगतलं की ती हसन. आन मले ते पाहा लागन."

मी गाडी पुन्हा देवळाकडे वळवली.

कोमल ओट्यावर उभी होती. मामा गाडीवरून उतरले, एकेक चप्पल सावकाश काढली, आणि तिच्याकडे न पाहताच म्हणाले, "रविवारी येऊन राह्यले वं माय ते लोक. आईले सांग, फराळाचं पाह्य म्हणा." कोमल आधी हसली, मग रडली, मग तोंडावर ओढणी धरून पुन्हा हसली. आता मामांनी मान वर केली आणि ते सगळं डोळे भरून पाहिलं. मग म्हणाले, "पाणी आण जरासं." तिने धावत जाऊन पाणी आणलं आणि समोर उभी राहिली. मामा ओट्यावर बसून ते एकेक घोट पीत राहिले, पेला लवकर रिकामा होऊ नये अशा बेताने.